मामा बसतात तिथे

आमच्या गल्लीत मामांना कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. समोरच्या खानावळीतल्या ताईंची मुलगी त्यांना मामा म्हणायची, म्हणून मी म्हणायला लागले, मग मामांच्या खोलीखालचा शिंपी म्हणायला लागला, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा. माझं दुकान बटणांचं. बटणं, लेस, चेन, हुक, रिळं. बटण घ्यायला आलेलं माणूस डब्यात हात घालून निवांत चिवडत बसतं आणि शेवटी "पुन्हा येते" म्हणून निघून जातं, त्यामुळे मला समोर बघायला भरपूर वेळ असतो. समोर म्हणजे खानावळीची मोठी काचेची खिडकी. मामांचं जे झालं ते मी त्या खिडकीतून पाहिलं. अजून आठवलं की जीव जळतो. मला गोड करून सांगता येत नाही, जसं झालं तसं सांगते.

मामांचं सगळं आयुष्य सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीत गेलं. सिनेमा पडेल असला की मॅनेजर दोन खिडक्यांपैकी एक बंद ठेवायचा आणि मामांना सांगायचा, सावकाश द्या तिकिटं. सुट्टे शोधा, चष्मा पुसा, कुठल्या रांगेतली खुर्ची हवी ते दोनदा विचारा. मग माणसं साचायची आणि रांग दारातून बाहेर रस्त्यावर यायची. रस्त्याने जाणारे थांबायचे, काय आहे म्हणून विचारायचे आणि शेपटाला उभे राहायचे.

"बाहेर पडताना शिव्या द्यायचे हो," मामा सांगायचे, "पण घरी जाऊन शेजाऱ्याला काय सांगायचे? गर्दी होती बुवा. झालं, शेजारी दुसऱ्या दिवशी हजर."

थिएटर पाडलं तेव्हा मामा घरी बसले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली आणि समोर बहिणीचं घर, एवढाच त्यांचा संसार.

बहीण म्हणजे ताई. मामा तिला धाकटे म्हणायचे. तिचा नवरा, भाऊजी, मोठ्या हॉटेलात आचारी होता. त्याने ती नोकरी सोडली, दोघांनी होतं नव्हतं ते सगळं घातलं आणि खानावळ काढली. भाऊजींच्या हाताला चव होती, हे मी शेजारधर्म म्हणून सांगत नाही. त्यांचा साधा रस्सा आणि भात खाल्ला तरी माणूस दुपारभर खुशीत असायचा. टेबलं लख्ख, पेले लख्ख, ताई हसतमुख. आणि गिऱ्हाईक नाही. लोक दारापर्यंत यायचे, आत बघायचे, रिकामी टेबलं दिसली की एकमेकांकडे बघायचे आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत जायचे. तिथे रश्श्यात पाणी आणि पाण्यात माश्या, पण बसायला जागा नाही इतकी गर्दी. माझा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा मी एका माणसाला रस्त्यात अडवून म्हटलं, "अहो, आत जाऊन खाऊन तरी बघा." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मला कमिशन मिळतं.

मामांनी थोडे दिवस हे वरच्या खोलीतून पाहिलं. मग एका दुपारी ते दाढी करून, कोट घालून, केस चापून बसवून खाली उतरले आणि खिडकीतल्या टेबलावर जाऊन बसले.

काय बसायचे म्हणून सांगू. समोरच्या खुर्चीला आपला कोट अडकवायचे, म्हणजे कुणीतरी हात धुवायला गेलंय असं वाटावं. शेजारच्या टेबलावर अर्धा प्यालेला पेला आणि वापरलेलं ताट तसंच ठेवायला लावायचे. ताई कावायची.

"दादा, उष्टी ताटं मांडून ठेवू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील आत्ताच कोणीतरी पोटभर जेवून उठलं. धाकटे, तू रांधायचं बघ, रांगेचं मी बघतो."

घास घेतला की मामा क्षणभर थांबायचे. डोळे मिटायचे नाहीत, नाटकी काही करायचे नाहीत. नुसतं थांबायचे आणि ताटाकडे बघायचे. बाहेरून ते बघताना मला भरल्या पोटी भूक लागायची. पहिल्यांदा दोन कारकून आत गेले, मग एक म्हातारं जोडपं, मग बँकेतल्या पोरी. एकदा आत गेलेलं माणूस भाऊजींच्या हाताचं खाऊन परत यायचंच. पाऊस सरेपर्यंत खानावळीचं बस्तान बसलं. दुपारी दारात माणसं ताटकळायला लागली, आणि ताटकळता ताटकळता माझ्याकडे येऊन बटणं बघायला लागली. मला मामांचं कौतुक होतं ते उगाच नाही.

मग काय, सगळी गल्लीच मामांच्या मागे लागली. न्हावी म्हणायचा, सकाळी माझ्या खुर्चीत टेका थोडा वेळ. शिंपी म्हणायचा, माप द्यायला उभे राहा. मामा जायचे. कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, फार तर एखादी दाढी, एखादा चहा. पण हळूहळू एक वेगळीच गोष्ट झाली, आणि ती तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. लोक गर्दी बघायचं सोडून मामांना बघायला लागले. मामा बसतात तिथलं चांगलं असतं, असं पक्कं झालं. नवीन माणूस पत्ता विचारायला लागला तर शिंपी म्हणायचा, "खिडकीत एक गोरे, गुबगुबीत गृहस्थ बसलेले दिसतील, तिथे जा." मामांना ते आवडायचं. का नाही आवडणार? जन्मभर माणूस खिडकीत बसला, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. सगळे तिकिटाकडे बघायचे.

आणि मग मामांचे दात गेले.

बरेच दिवस दुखत होते, ते अंगावर काढत राहिले. शेवटी दातांच्या डॉक्टरने थोडेथोडे करून सगळेच काढले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येणार नाही म्हणाला. मामांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बहिणीलासुद्धा नाही. गल्लीत रुबाबात बसणारा माणूस, बोळकं घेऊन खिडकीत कसा बसणार? त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि ताईला सांगितलं, "पोट बिघडलंय गं. थोडे दिवस जेवायला येत नाही."

बस. एवढंच. ह्या एका वाक्याने घात केला.

कारण लोक ताईला विचारणारच, मामा कुठे आहेत? आणि ताई बिचारी, तिच्या मनात काही नाही, तिने सगळ्यांना भर खानावळीत, भर दुपारी, वाढता वाढता सांगितलं, "दादाचं पोट बिघडलंय." तुम्हीच बघा. जो माणूस रोज इथे जेवतो त्याचं पोट बिघडलंय. जेवणाऱ्यांचे हात ताटात थबकले. हे मला बँकेतल्या एका पोरीने नंतर सांगितलं. मामा खाली उतरायचे ते रुमाल तोंडाला लावून. खानावळीसमोरून जाताना बहिणीशी बोलावं लागेल म्हणून मान खाली घालून भराभर पाय उचलायचे. बघणाऱ्याला काय दिसायचं? मामा नाकाला रुमाल लावून खानावळीसमोरून पळतायत. वर आणखी ते दूधवाल्याकडे आतल्या बाकावर बसून दुधात पाव बुडवून खायचे. दुसरं काय खाणार? पण शिंप्याने ते पाहिलं. आणि शिंप्याने पाहिलं म्हणजे गल्लीने पाहिलं.

"पोट बिघडलंय, तर मग दूधवाल्याकडचं कसं चालतं?" शिंपी माझ्या दुकानात येऊन म्हणाला. "इथलंच चालत नाही म्हणा की."

"उगाच काहीतरी बोलू नका," मी म्हटलं.

"मी कुठे काय बोलतोय? मी कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. लोक बोलतात ते सांगतो."

लोक बोलतच होते. कुणी म्हणालं तेल जुनं वापरतात. कुणी म्हणालं पिंपात उंदीर सापडला. उंदीर कुणी पाहिला, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. मी समोरून बघत होते, खिडकीतलं टेबल रिकामं, मग शेजारचं रिकामं, मग दारातली माणसं पुन्हा एकमेकांकडे बघायला लागली आणि कोपऱ्यावर जायला लागली. ताई दारात येऊन उभी राहायची. तिला काही कळत नव्हतं. भाऊजी मीठ चाखून बघायचे, मसाला चाखून बघायचे, बायकोला विचारायचे, "माझ्या हाताला काही झालंय का?" मला हे ताईने सांगितलं तेव्हा मला रडू आलं. माणूस जन्मभर जे करत आला त्याच्यावरच त्याला शंका यायला लागली होती.

मग मामा एकदा माझ्याकडे कोटाचं बटण घ्यायला आले. डब्यातून बटण निवडताना रुमाल सुटला. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले. मी बघतच राहिले.

"दात काढले," ते पुटपुटले. "कुणाला सांगू नका, बटणवाल्या बाई. कवळी आली की दिसेलच."

"पोटाला काही झालेलं नाही?"

"पोट ठणठणीत आहे हो. पण खाणार कशाने?"

"अहो मामा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, "तुम्ही गल्लीत राहता की आणखी कुठे? खाली काय चाललंय तुम्हाला माहीत आहे?" आणि मी सगळं सांगितलं. रुमालाचं, दूधवाल्याचं, उंदराचं.

मामा पांढरेफटक पडले. बटण तिथेच टाकून ते तसेच रस्ता ओलांडून गेले, रुमालाशिवाय. आत जाऊन खिडकीत बसले आणि ताईला म्हणाले वाढ. ताई त्यांच्या तोंडाकडे बघून ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने रश्श्यात भात कालवला, बोटांनी कुस्करून मऊ केला आणि पुढे ठेवला. मामा सगळ्यांसमोर, भर खिडकीत, बोळक्याने तो भात खायला लागले. ज्या गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त लाज होती ती त्यांनी बहिणीसाठी काचेत मांडली. आणि बाहेरचे लोक काय म्हणाले? म्हणाले, "अरे देवा, मामांची काय दशा झालीय बघा. गुबगुबीत माणूस, पार खंगला. इथलं खाऊन खाऊन."

मी भेटेल त्याला सांगत सुटले, दात काढलेत हो, फक्त दात. शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, "असं का? मग इतके दिवस बोलले का नाहीत? दात काढले हे काय लपवायची गोष्ट आहे?" खरं कारण इतकं साधं होतं की ते कुणाला पटेना. उंदीर पटला.

पुढे कवळी आली. मामा पुन्हा दाढी, कोट, केस चापून खिडकीत. कवळी नवी, हिरड्या सोलवटायच्या, पण ते कडक पावाचा तुकडा दाखवून दाखवून चावायचे. समोरच्या खुर्चीला कोट, शेजारी उष्टा पेला. सगळं तेच. पण आता न्हाव्याने तोंड उघडलं होतं. माझ्याकडेही यायचे ते, बोलावलं की येतात, असं त्याने कुणाला तरी सांगितलं. मग लोक हसायला लागले. घरचाच माणूस बसवलाय, म्हणायला लागले. मामा जितके जास्त बसायचे तितकी खानावळ जास्त रिकामी दिसायची.

आणि मग जे खोटं होतं ते खरं झालं. ह्याचाच मला सगळ्यात संताप येतो. गिऱ्हाईक कमी, म्हणून सकाळचं संध्याकाळी उरायला लागलं. संध्याकाळचं दुसऱ्या दिवशी. भाऊजी आधी उरलेलं टाकून द्यायचे. मग टाकवेना, रस्सा पुन्हा उकळायला लागले. मसालेवाल्याने चांगला माल द्यायचं बंद केलं, डबघाईला आलेल्याकडे कोण चांगला माल पाठवतो? मग एका दुपारी एक जुना कारकून, जो एवढं होऊनही येत राहिला होता, त्याने अर्ध्यावर ताट सरकवलं. म्हणाला, "ताई, आंबलंय." ताईने वास घेतला. आंबलेलंच होतं. तो माणूस काही वाईट बोलला नाही, पैसे ठेवून निघून गेला. पण बाहेर शिंपी उभा होता आणि त्याचा चेहरा असा, की बघा, मी काय म्हणत होतो. त्याला मी जन्मात माफ करणार नाही, असं तेव्हा ठरवलं होतं.

खानावळ बंद करायचं ठरलं. भाऊजींना दुसऱ्या गावी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं. ताईही तिथेच मदतीला जाणार होती. शेवटच्या दिवशी ताईने मला रस्त्यापलीकडून हाक मारली. "बटणवाल्या बाई, जेवायला या. कोठीतलं सगळं आज संपवायचंय."

भाऊजींनी त्या दिवशी मन लावून रांधलं. पहिल्या दिवसांसारखं, सगळं ताजं. खिडकीतल्या टेबलाला दुसरं टेबल जोडलं. मामा, मी, ताईंची मुलगी, भांडी घासणाऱ्या बाई. शिंपी मान खाली घालून दारात आला, आणि ताईने त्यालाही बसायला लावलं. ताईंचं मन माझ्यासारखं नाही. वाढून झाल्यावर मामा म्हणाले, "धाकटे, बस तू पण. भाऊजी, तुम्हीही या."

ताई इतक्या दिवसांत त्या खिडकीत कधी बसली नव्हती. तिचं लक्ष सतत दाराकडे. त्या दिवशी बसली. भाऊजीही हात पुसत आतून आले आणि बायकोच्या शेजारी टेकले. जेवण इतकं चांगलं झालं होतं की सुरुवातीला सगळे नुसते जेवतच होते. मग मामांनी थिएटरातली एक गोष्ट सांगितली, एक माणूस तासभर रांगेत उभा राहिला आणि खिडकीशी येऊन विचारतो, इथे रॉकेल मिळतं ना? सांगताना ते स्वतःच इतके हसले की कवळी सुटली आणि त्यांनी ती हवेतच झेलली. शिंप्याला ठसका लागला. ताई हसता हसता डोळे पुसत होती. आम्ही सगळे बेभान हसत होतो.

बाहेर एक जोडपं थांबलं. बरोबर एक लहान मुलगी. त्यांनी आत पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यात आधी ते मामांना दिसले. त्यांचं हसणं थांबलं, मग आमचंही.

दार ढकलून तो माणूस म्हणाला, "जागा होईल का? तिघंच आहोत."

ताई सवयीने उठलीच. पदराला हात पुसत तिने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. पातेली घासायला पडली होती.

"आज संपलं हो," ताई म्हणाली.

"बघा, मी म्हणत नव्हते?" ती बाई नवऱ्याला म्हणाली. "चांगल्या ठिकाणी वेळेवर यावं लागतं. उद्या लवकर येऊ."

"उद्या या," ताई म्हणाली.

ते गेले. ताई परत येऊन बसली. मामांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीला, सवयीने, आपला कोट अडकवला होता. तो त्यांनी काढला आणि मांडीवर घेतला. कोटाला लावायच्या राहिलेल्या बटणाच्या जागचा धागा ते चिमटीत धरून बसले.

"धाकटे," ते म्हणाले, "दात नाहीत, एवढंच सांगायला हवं होतं गं मी तुला."

ताईने आपल्या ताटातला भात त्यांच्या ताटात सारला.

"जेव, दादा," ती म्हणाली. "गार होतंय."